पंच क्रमांक दोन

सोमवार, १० नोव्हेंबर १९८६. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंप कारखान्याच्या टाइम ऑफिसात एक बाई आली. टाइमकीपर अंबादास वाहुळे याच्यासमोर तिने दोन पानी पंचनाम्याची नक्कल ठेवली. दुसऱ्या पानाच्या तळाशी ‘पंच क्र. २’ असं लिहिलेलं होतं आणि त्यापुढे अंबादासची सही होती.

“ही तुमचीच ना?”

अंबादास पूर्ण नावाची सही करायचा, शाळेत शिकवल्यासारखी, एकेक अक्षर सुटं. नाही म्हणायची सोयच नव्हती.

“माझीच. आपण कोण?”

“अनुपमा खवणेकर. मुलुंडला म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवते. चंद्रप्रकाश माझा भाऊ.”

अंबादास खुर्चीतून उठला. घाटकोपरच्या स्फोटातला आरोपी म्हणून हे नाव त्याच्या चाळीत गेले अडीच आठवडे रोज घेतलं जात होतं.

“तुम्ही इथे यायचं नव्हतं,” तो म्हणाला.

“पंचनामा वाचलाय तुम्ही?”

“वाचलाय की.”

त्याने तो वाचलेला नव्हता. सही करताना त्याने फक्त पानाचा तळ बघितला होता. बाईंनी कागद उचलला आणि वर्गात शुद्धलेखन घालावं तसा संथपणे वाचला. दिनांक २३ ऑक्टोबर, सायंकाळी साडेपाच वाजता, अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला रिक्षा स्टँडजवळ, आम्हा पंचांसमक्ष सदर इसमास ताब्यात घेतले. अंगावर निळा शर्ट. डोळ्यांवर काळ्या फ्रेमचा, जाड काचांचा चष्मा.

मग त्यांनी पर्समधून एक चष्मा काढला आणि कागदाशेजारी ठेवला. काळी फ्रेम, जाड काचा, डावी काडी मोडलेली. चष्म्याखाली पार्सलचं खाकी वेष्टन पसरलं. वेष्टनावर काठमांडूच्या पोस्टाचा शिक्का होता, तारीख २२ ऑक्टोबर.

“स्फोटानंतर चार दिवसांनी तो तिकडे गेला. का गेला ते मला धड सांगितलं नाही, तेही खरं. एकवीस तारखेला सकाळी सात वाजता तिथल्या लॉजवर चार माणसं आली. परक्यांशी हिंदी, आपसांत मराठी. त्याला जिन्यावरून ओढत नेऊन गाडीत घातलं. चष्मा जिन्यावर पडला. लॉजमालकाने दुसऱ्या दिवशी तो पोस्टात टाकला, सोबत चिठ्ठी. आता मला सांगा, बावीस तारखेला पोस्टात पडलेला चष्मा तेवीसला अंधेरीत त्याच्या डोळ्यांवर कसा?”

अंबादासने वेष्टनावरचा शिक्का पुन्हा वाचला.

“चोवीसला दुपारी बाराला त्याला कोर्टात उभा केला. एकवीसच्या सकाळी सातपासून किती तास झाले?”

अकरा वर्षं हजेरी सांभाळणाऱ्या माणसाला असं विचारू नये. उत्तर आपसूक आलं. “सत्त्याहत्तर.”

“कायदा म्हणतो चोवीस तासांत कोर्टापुढे न्या. कागदावर साडेअठराच भरतात. मधले साडेअठ्ठावन्न तास तुमच्या सहीखाली आहेत.” त्यांनी चष्मा वेष्टनात गुंडाळला. “त्याने काही केलं नाही असं सांगायला मी आलेली नाही. मला माहीत नाही. केलं असेल तर भोगेल. पण आता उजव्या बाजूने बोललेलं त्याला ऐकू येत नाही. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस आहे तो. गुरुवारी हायकोर्टात तारीख आहे, वकिलाचा पत्ता मागे लिहिलाय.”

त्या गेल्यावर अंबादासने कपाट उघडून ऑक्टोबरची हजेरीची कार्डं काढली. त्याचं स्वतःचंही त्यात होतं. तेवीस तारीख, आत सात बावन्न, बाहेर सहा चार. जांभळ्या शाईत, मशीनने उठवलेलं. साडेपाचला तो याच खुर्चीत होता. दुसऱ्याचं कार्ड मारताना त्याने आजवर दोघांना पकडलं होतं आणि दोघांचीही नोकरी गेली होती. माणूस जागेवर नसताना कार्ड ‘आहे’ म्हणतं, याहून मोठी चोरी नाही, असं त्यानेच मॅनेजरला सांगितलं होतं.

आणि चोवीसच्या सकाळी साडेनऊला, जेमतेम अर्ध्या मिनिटात, त्याने सही केली होती.

त्याचं कारण घाटकोपरच्या चाळीत, त्याच्या समोरच्या खोलीत होतं. २ सप्टेंबरला संध्याकाळी बसस्टॉपवर जेवणाच्या डब्यातला बॉम्ब फुटून सहा माणसं गेली. त्यात समोरच्या मालनवहिनींची मुलगी शुभा होती, एकोणीस वर्षांची, टायपिंगच्या क्लासहून परतणारी. वहिनींचा नवरा गिरणी संपानंतर गावी जाऊन राहिलेला. हॉस्पिटलात ओळख पटवायला अंबादास गेला. आत काय बघितलं ते त्याने बायकोलाही, द्रौपदीलाही, सांगितलं नव्हतं.

म्हणून हवालदार धोंडिराम टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन म्हणाला, “तुमच्या चाळीतल्या पोरीला मारणारा सापडला रे. काल अंधेरीत धरला. एक पंच आयत्या वेळी गायब, तू मार सही,” तेव्हा अंबादासने पेन शोधायलासुद्धा वेळ घेतला नाही. धोंडिराम संपाच्या काळापासून गेटवर बंदोबस्ताला असायचा. त्याच्या शब्दावर शंका घ्यायचं कारण नव्हतं.

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्या संध्याकाळी त्याने समोरचं दार वाजवलं. “वहिनी, धरला. माझ्यासमोर धरला. मी पंच आहे.”

मालनवहिनी पोळपाटावरून उठल्या. “तुमी बघितल्यात तेका?” एरवी त्या मुंबईची मराठी बोलायच्या, मालवणी यायची ती अशाच वेळी. “कसो होतो?”

अंबादासने सांगितलं. घाबरलेला होता. मान वर करत नव्हता. हात थरथरत होते. जे जे त्या बाईला ऐकायचं होतं ते सगळं त्याने सांगितलं, आणि सांगता सांगता ते त्याला स्वतःलाही दिसायला लागलं. त्या दिवाळीत वहिनींनी कंदील लावला नाही, पण सप्टेंबरनंतर पहिल्यांदा त्या रात्रभर झोपल्या, असं द्रौपदीने सांगितलं होतं.

मंगळवारी दुपारी धोंडिराम स्वतःच आला. गेटसमोरच्या टपरीवर त्याने दोन कटिंग सांगितले.

“मास्तरीण येऊन गेली म्हणे.”

“तुला कोणी सांगितलं?”

“पोलीस आहे मी, मला कळणार नाही तर कोणाला?” तो हसला. “काही बोलू नकोस. तुझं कार्ड तेवढं बघ. ते तुझ्याच ताब्यात आहे ना?”

“धोंडिराम, तो काठमांडूत होता?”

“होता.”

इतक्या सहज उत्तर येईल असं अंबादासला वाटलं नव्हतं. हातातला ग्लास त्याने बाकावर ठेवला.

“मग तसं लिहायचं ना. तिकडून आणला म्हणून.”

“लिहिलं की सुटतो. दुसऱ्याच्या मुलखातून माणूस उचलायला परवानगी कोण देणार? रीतसर मागायला गेलो तर अर्ज, दिल्ली, मग तिकडचं कोर्ट. दोन वर्षं. तेवढ्यात आणखी एक डबा ठेवला तर? तेव्हा तू मला विचारशील, धोंडिराम झोपला होतास काय? विचारशील की नाही?”

“विचारीन.”

“मग?”

“पण त्यानेच केलं कशावरून?”

“कबूल झालाय.”

“कधी? त्या अठ्ठावन्न तासांत?”

धोंडिरामने चहा संपवला. तो चिडला नव्हता, थकलेला दिसत होता. “मला काय विचारतोस? मी होतो का तिथे? मला कागद दिला, मी तुझ्याकडे आणला. वरचे लोक वेगळे, त्यांचं पथक वेगळं. आता दोघांना आणायचं म्हणजे तीही माणसंच. एक वाटेतच आजारी पडला, त्याचं काय करायचं कोणाला सुचेना…”

“दोघं?”

टपरीवाला स्टोव्हला पंप मारत होता. धोंडिराम त्याच्याकडे बघत राहिला.

“कागदावर एकच आहे,” अंबादास म्हणाला. “दुसरा कोण?”

“दोघं म्हणालो का? विसर ते.”

“धोंडिराम, दुसरा कुठाय?”

“त्याचा पंचनामाच नाही, वाहुळे. समजलं? मग मी काय सांगू?” तो उठला आणि टोपी घालून म्हणाला, “कार्ड फाड. माझ्यासाठी नको, त्या पोरीच्या आईसाठी फाड. तो सुटला तर तिला तोंड तू दाखवायचंस, मी नाही.”

अंबादास परत खुर्चीत येऊन बसला. सुटीचा भोंगा झाला, कामगार रांगेने कार्डं मारून गेले, आणि कोण आधी गेला, कोण नंतर, हे त्या दिवशी त्याला सांगता आलं नसतं. खोट्या सहीने एक माणूस साडेअठ्ठावन्न तास झाकता येतो, हे त्याला काल कळलं होतं. सहीच नसेल तर आख्खा माणूस झाकता येतो, हे आज कळलं. आपण चांगल्या कामात हात लावला असं तो अडीच आठवडे समजत होता.

घरी द्रौपदीला त्याने सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“वकिलाकडे जाणार?”

“जाईन म्हणतो.”

“आधी समोर जा. पेपरात वाचून कळलं तर ती जन्मात बोलायची नाही. सांगितलंस तरी बोलेल असं नाही म्हणा.”

मालनवहिनी दारातच बसल्या होत्या. अंबादास उभ्याउभ्याच बोलला. “वहिनी, मी त्याला बघितलेला नाही. सही दुसऱ्या दिवशी केली. तुम्हाला सांगितलं ते सगळं मनाचं होतं.”

त्यांनी विचारलं, “हात थरथरत होते म्हणालात.”

“मनाचं.”

“मान खाली होती म्हणालात.”

“तेही.”

“मग मी इतके दिवस कोणाला बघत होते, भावजी? डोळे मिटले की तोच दिसायचा. तसाच. तुम्ही सांगितलात तसा.”

अंबादासने उरलेलंही सांगितलं. गुरुवारी कोर्टात खरं लिहून देणार. कदाचित त्यामुळे तो आरोपी सुटेल.

“शुभाला ओळखायला तुम्ही आत गेला होता,” त्या म्हणाल्या. “ते तरी खरं ना? की तेही दुसऱ्या दिवशी?”

त्या उठल्या आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

बुधवारी अंबादास वकिलाच्या ऑफिसात गेला. गुरुवारी, १३ नोव्हेंबरला, त्याचं चार पानी प्रतिज्ञापत्र हायकोर्टात दाखल झालं. सोबत स्वतःचं ऑक्टोबरचं कार्ड. दुसऱ्या माणसाचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात होता. हवालदाराचं नाव घालायला वकिलाने लावलं, तेव्हा अंबादासचा हात थोडा अडला. सरकारी वकिलाने उत्तरासाठी दोन आठवडे मागितले. खोटा पुरावा दिल्याबद्दल पंचावरच खटला का भरू नये, असंही त्याने विचारलं. कोर्टाने तो प्रश्न राखून ठेवला. कारखान्याने अंबादासला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. धोंडिरामची बदली झाली. कुठे ते कोणी सांगितलं नाही.

प्रतिज्ञापत्राची बातमी एका मराठी दैनिकात आतल्या पानावर आली. २३ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, मानखुर्दहून एक बाई घाटकोपरच्या त्या चाळीत आली. राधा तांबे, वय तिशीच्या आतबाहेर. वाहुळ्यांचं घर तिने मालनवहिनींनाच विचारलं. त्या मंगळवारपासून ज्या दाराकडे वहिनींनी बघितलं नव्हतं, तिथपर्यंत त्या तिला घेऊन आल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

राधाचा नवरा लवू नेपाळहून छत्र्या, टॉर्च, कॅल्क्युलेटर आणून विकायचा. ऑक्टोबरच्या दहा तारखेला गेला तो आलेला नव्हता. त्याने पाठवलेलं शेवटचं पोस्टकार्ड तिने आणलं होतं. वर लॉजचं नाव छापलेलं होतं, चंद्रप्रकाश उतरला होता तेच. मग तिने ब्लाउजमधून एक फोटो काढला. लग्नातला, कापून एकट्याचा केलेला.

“पेपरात आलंय, तुम्ही पंच होता. दुसरा माणूस हाच का हो? तुम्ही बघितलात ना?”

अंबादासने फोटो उजेडात धरला. बारीक मिशा, कपाळाला बाशिंगाची दोरी. या चेहऱ्याबद्दल ‘हो’ म्हणणं किती सोपं आहे हे त्याला ठाऊक होतं. ती बाई त्याच्या ओठांकडे बघत होती.

“मी कोणालाच बघितलेलं नाही, बाई. त्यालाही नाही, यालाही नाही. एक हवालदार बोलला, तेवढं मी ऐकलं.”

आणखी काही सांगायचं राहिलं असेल, म्हणून राधा थांबली.

बाहेरून मालनवहिनी म्हणाल्या, “जां ऐकलात तां तिका लिवन द्या. सही करून.”

अंबादासने वहीचं पान फाडून लिहून दिलं. लिहून होईपर्यंत वहिनी तिथेच होत्या. नंतर राधाला बसस्टॉपवर सोडायला त्याच गेल्या. अंबादासशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

लवू तांबे बेपत्ता असल्याची नोंद सोमवारी झाली. बुधवारी, २६ तारखेला, वकिलाने पाठवलेल्या तारेला काठमांडूहून लॉजमालकाचं उत्तर आलं: एकवीस ऑक्टोबरला दोन पाहुण्यांना नेलं, दुसरा अकरा नंबरच्या खोलीतला, आवाज ऐकून बाहेर आलेला, रजिस्टरात नाव एल. तांबे, मुंबई. गुरुवारी सरकारचं उत्तर दाखल झालं. त्यात म्हटलं आहे की आरोपी चंद्रप्रकाश खवणेकर यास २३ ऑक्टोबर रोजी अंधेरी येथे अटक करण्यात आली, पंच क्रमांक एक आपल्या जबाबावर ठाम आहे, आणि लवू तांबे नावाचा कोणताही इसम कोणत्याही वेळी कोणाच्याही ताब्यात नव्हता व नाही.

पुढची तारीख ११ डिसेंबर आहे.