राखेनं घासलेलं भिंग

दुपारच्या शांत घरात मोरीतून खर्र-खर्र आवाज आला, आणि लेकीला, आरोहीला थोपटता थोपटता डुलकी लागलेली भार्गवी ताडकन उठली. आज गुरुवार. देव घासायचा दिवस!

मोरीत तिच्या सासूबाई मनकर्णाबाई राखेनं बाळकृष्ण उजळत बसल्या होत्या. शेजारी निरांजन, घंटी, आणि काचेचं एक इवलं भिंग.

"आत्याबाई, हे वाटीतलं भिंग...?"

"त्यालेही हात मारला. पाह्य कसं चमकलं! काऊन वं, तोंड काऊन उतरलं?"

आरोहीचा हात पोचू नये म्हणून भार्गवीनंच ते वाटीत घालून देवघरात ठेवलं होतं. ती चिखलीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये थंडगार दुर्बीण पोटाच्या उबेत शिरली की भिंगावर वाफ धरते आणि डॉक्टरला नुसतं धुकं दिसतं. त्यावर उपाय म्हणून भार्गवीनं काचेला द्यायचा एक पातळ थर शोधला होता; या भिंगावर तोच दिलेला होता. वाफेचे थेंब न होता पाणी सपाट पसरायचं, काच नितळ राहायची. उद्या बुलढाण्याहून सर्जन मंजुश्री मॅडम तो बघायला येणार होत्या.

तिनं चहाचं आधण ठेवलं, भिंग वाफेवर धरलं. कडेनं काच नितळ, मधोमध पांढरं धुकं. जिथं राख फिरली, तिथला थर गेला होता.

तिनं विभागप्रमुख चंद्रशेखर सरांना फोन लावला.

"एवढंच ना?" सर म्हणाले. "कपाटात दुसरं आहे, न पुसलेलं. ते दाखवा आणि मोकळ्या व्हा. घासण्याचं कशाला काढता?"

"सर, दवाखान्यातही कुणीतरी पुसणारच. आमच्या आत्याबाईंनी जरा आधी पुसलं, इतकंच."

"मॅडम, हट्ट करू नका. नाहीतर पुढचं काम आपल्या विभागातल्या प्रेमानंदकडे देतो. त्याच्यामागं लेकराचं झंझट नाही. आणि हो, उद्या मुलीला आणू नका."

दुसऱ्या दिवशी भार्गवीनं आरोहीला न्हाऊ-माखू घातलं, दोन वेण्या घातल्या, नवा फ्रॉक चढवला आणि स्कूटीवर पुढे उभं केलं. उंद्रीहून चिखली येईस्तोवर पोरगी गाणं म्हणत होती.

प्रयोगशाळेत मंजुश्री मॅडम आलेल्या होत्या, आणि सरांनी कपाटातलं भिंग काढून ठेवलंच होतं. भार्गवीनं ते बाजूला सारलं आणि पर्समधलं काढून वाफेवर धरलं. मधोमध धुकं चढलं.

"डॉक्टर, हा नमुना नाही हं," सर घाईनं म्हणाले.

"हाच नमुना. कालपर्यंत हे पूर्ण नितळ होतं. माझ्या सासूबाईंनी राखेनं घासलं."

कोपऱ्यात प्रेमानंद फिसकन हसला. मंजुश्री मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी भिंग उजेडात फिरवून बघितलं.

"राख नसली तरी आमच्याकडे पुसायला गॉजचं कापड असतं. किती वेळा पुसलं तर हा थर टिकेल?"

"अजून माहीत नाही. पुसून बघायचं मला सुचलंच नव्हतं."

"मग कुणाच्या पोटात मी हे घालणार नाही."

"घालूच नका. घासलं तरी टिकेल असा थर करते, तेव्हा या."

"तेव्हा बोलवा," मॅडम म्हणाल्या. "जिथं थर आहे तिथं काच खरंच नितळ आहे."

सर खाकरले. "पुढचं आमचे प्रेमानंद सर बघतील."

"सर," भार्गवी म्हणाली. "हे काम मी आरोहीला मांडीवर घेऊन उभं केलंय. ते काढून घ्यायचं असेल, तर कारण आत्ता, डॉक्टरांसमोर सांगा."

सर घड्याळात बघत राहिले. भार्गवीनं भिंग रुमालात गुंडाळलं, पोरीचा हात धरला आणि ताठ मानेनं जिना उतरली.

परतीच्या वाटेवर सोयाबीनच्या शेतांवरून वारा येत होता. कितीतरी दिवसांनी भार्गवीला स्वतःचाच अभिमान वाटत होता. पुढे उभ्या आरोहीनं मान वळवली.

"आई, आजीनं थे भिंग घासलंच नसतं, त तू डॉक्टरले काय सांगितलं असतं?"