नऊ मिनिटं मिळवा

मी दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहिते. म्हणजे मुखपृष्ठावर फोटो त्यांचा, नाव त्यांचं आणि 'माझा जन्म झाला तेव्हा' हे पहिलं वाक्य माझं. आजवर एक माजी मंत्री, एक फुटबॉलचा गोलरक्षक आणि दोन नवरे गाळायला लावणारी एक गायिका, एवढ्यांचे जन्म मी घेतले. मंत्र्यांच्या पुस्तकात 'मी' इतक्या वेळा आला की छापखान्यातल्या माणसाने मला विचारलं, "दलेंदाबाई, या गृहस्थांना शेजारीपाजारी नव्हते का हो?"

या धंद्यात मी एकच नियम पाळते. पुस्तकात ज्या जिवंत माणसाचं नाव येईल, त्याला ते पान छापण्याआधी वाचून दाखवायचं. हे शहाणपण मला ठेच लागून आलं. गायिकेला दरबुका नावाच्या ढोलकीवर साथ करणाऱ्या दरबुकावाल्याला मी एका परिच्छेदात स्वर्गवासी करून टाकलं होतं आणि प्रकाशनाच्या दिवशी तो पहिल्या रांगेत बसून खजूर भरलेल्या मिठाईचे मकरूदवर मकरूद खात होता. वर मलाच म्हणाला, "मेल्यावर भूक फार लागते, बाई."

तर हे चौथं पुस्तक सी लमीन यांचं; 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत'. आमच्या ऐन-झहब गावाच्या रेडिओवर तीस वर्षं ज्यांचा आवाज होता, ते सी लमीन ज़ुआरी. बातम्या त्यांच्या, खजुराचे भाव त्यांचे आणि रमजानमध्ये रोजा सोडायची वेळ झाल्याची घोषणाही त्यांचीच. त्यांनी सांगितल्याशिवाय गावात कुणी घोटभर पाणी पीत नसे. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत. पाठ वाकली आहे, पण आवाज तसाच खणखणीत आहे.

पुस्तक काढायचं त्यांच्या मुलीने ठरवलं. रफीकाचं बाजारात औषधाचं दुकान आहे आणि बापावर तिचा भारी जीव. पाच महिने मी त्यांच्या अंगणात बसून ऐकलं, लिहिलं, आणि शेवटचं प्रकरण वाचून दाखवायला घेऊन गेले तेव्हा मनातून मी अगदी खूश होते. प्रकरणाचं नाव होतं 'सोमवार आणि गुरुवार'. रमजान असो वा नसो, सी लमीन गेली बत्तीस वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी रोजा धरतात, हे गावात लहान पोरांनाही माहीत आहे. लोक त्यांना वाटेत थांबवून 'आमच्यासाठी दुआ करा' म्हणतात. त्या भक्तीवर मी सात पानं लिहिली होती आणि खोटं कशाला बोलू, लिहिताना माझेच डोळे भरून आले होते.

तिसऱ्या पानावर सी लमीन म्हणाले, "बस. फाडून टाक."

मी म्हटलं, "काय चुकलं?"

"भाषा छान आहे. माणूस चुकला."

रफीका पुदिन्याच्या चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती दारातच थांबली. "बाबा, आता पुन्हा काय काढलंत?"

"ब्याण्णव सालचा मार्च," ते म्हणाले.

एवढ्यावर कळायला मला वेळ लागला नाही. आमच्या गावात चाळिशीच्या वरचा कुणीही असो, त्याला ती संध्याकाळ आठवते. रमजान चालू होता आणि दुपारपासून वाळूचं वादळ. आकाश असं तपकिरी झालेलं की सूर्य कुठे आहे हे सांगता येऊ नये. सगळं गाव रेडिओला कान लावून बसलेलं, मोठ्या मशिदीत अजान देणारा मुअज्जिनसुद्धा. सी लमीनच्या आवाजात घोषणा झाली, सूर्यास्ताची, मगरीबची अजान लागली, आणि आम्ही जेवणावर तुटून पडलो. मी सतरा वर्षांची होते. माझ्या हातात अंडं भरून तळलेली गरम ब्रिक होती आणि अंड्याचा बलक हनुवटीवरून ओघळत होता. तेवढ्यात वारा पडला, धूळ खाली बसली, आणि ताडासारखा वाढलेला आमचा खजूर होता ना मागच्या अंगणात, त्याच्या बुंध्यामागे सूर्य! चांगला लालबुंद, अजून बुडायचा होता. माझी आजी तोंडातला घास हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. गावात हजारो माणसं त्या क्षणी तोंडात घास धरून तशीच बसली असणार. रमजाननंतर सगळ्या गावाने तो एक रोजा पुन्हा धरला.

आणि दोष कुणाचा, तर टेप चालवणाऱ्या खमैसचा. त्याने अजानची टेप नऊ मिनिटं आधी सुरू केली म्हणे. त्याला स्टुडिओतून काढून मिठाच्या सरोवरापलीकडच्या ट्रान्समीटरवर पाठवलं, आणि गावाने त्याचं नाव ठेवलं 'नऊ मिनिटं'. लग्नाच्या पंगतीत तो दिसला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "वाढू नका रे, अजून नऊ मिनिटं आहेत." आम्ही पोरी त्याच्या मागे आकडे मोजत पळायचो. होय, मीसुद्धा.

"चूक माझी होती," सी लमीन म्हणाले. "रोज पान फाडायची दिनदर्शिका असते ना, तिच्यावर वेळा राजधानीच्या. खाली बारीक अक्षरात आपल्या गावासाठी लिहिलेलं, नऊ मिनिटं मिळवा. एकोणीस दिवस मिळवली. विसाव्या दिवशी नाही. कारण सांगू? सिगारेट. सकाळपासून डोकं भणभणत होतं, डोळ्यांसमोर फक्त सिगारेट दिसत होती. स्टुडिओत पद्धत अशी की मी हात खाली केला की खमैसने टेप सोडायची. तो काचेपलीकडून घड्याळ दाखवून मान हलवत होता, नको नको म्हणत होता. मी हात खाली केला."

"आणि चौकशीत?" मी विचारलं.

"साहेबांनी विचारलं, टेप कुणी सोडली? खमैस म्हणाला, मी. मी गप्प बसलो. खोटं बोललो नाही बरं का. फक्त गप्प बसलो." ते माझ्या हातातल्या पानांकडे बघत राहिले. "हे रोजे भक्तीचे नाहीत, मुली. गावाचा मोडला तो भरून देतोय. अजून भरतच नाहीये."

रफीकाने ट्रे आपटला. "बाबा, झालं गेलं वाळूला मिळालं! लोक विसरले. आता कशाला उकरून काढता? तुम्हाला काय म्हणतील?"

"लोक विसरले? मग खमैसला काय हाक मारतात ग?"

रफीका कप भरायला लागली. तिच्या दुकानातही ती हाक चालते, हे मला माहीत होतं.

माझी सात पानं मी बॅगेत घातली. खरं सांगते, मला राग आला होता. इतकं चांगलं प्रकरण! पण त्या रात्रीपर्यंत कशाला, मी घरी पोचेपर्यंतच मला कळलं होतं की नवं प्रकरण जुन्याच्या दसपट चांगलं होणार आहे. लेखक ही जात अशीच. दोन दिवसांत मी ते लिहून काढलं, चार पानांत, एकही अश्रू न घालता. सी लमीननी प्रत्येक पानाखाली सही केली.

"आता खमैसला वाचून दाखवायचं," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. "छापून आलं की वाचेलच तो."

"माझा नियम आहे. दरबुकावाल्यापासून."

"मला त्याच्यासमोर जायची लाज वाटते."

"वाटू दे. मी गाडीत तुमच्या शेजारी बसते."

गुरुवारी सकाळी रफीकानेच गाडी चालवली, तोंड फुगवून. खमैस आता खजुराची नीरा विकतो, बाजाराच्या कोपऱ्यावर. सकाळी दहापर्यंत नीरा गोड असते, मग आंबायला लागते, त्यामुळे तिथे तोवर गर्दी. दुकानावर पाटी आहे, मोठ्या निळ्या अक्षरात: 'नऊ मिनिटं'. टोपणनाव पुसता येत नाही म्हटल्यावर त्या माणसाने ते रंगवून दारावर लावलं होतं.

"या, सी लमीन," खमैस म्हणाला. उंच, काळा, सुकलेला माणूस. "तुम्हाला काय देऊ? आज गुरुवार. तुम्हाला तर चालणार नाही."

मी कागद काढले. म्हटलं, "खमैसकाका, मी सी लमीन यांचं पुस्तक लिहितेय. त्यात तुमचं नाव आहे. ते पान तुम्हाला वाचून दाखवायचंय."

"कुठलं पान?"

"ब्याण्णवचं."

त्याने हातातला पेला खाली ठेवला. मी पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "तू नको. गावाने ती घोषणा यांच्या तोंडून ऐकली होती. यांनीच वाचावं. आणि मोठ्याने. रेडिओसारखं."

सी लमीननी माझ्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे. पंधरा-वीस माणसं होती. कसाई होता, शाळेचे मास्तर होते, दोन टॅक्सीवाले. रफीका गाडीच्या दाराला धरून उभी होती. सी लमीननी चष्मा लावला, घसा साफ केला, आणि तो आवाज निघाला. ताठ, स्वच्छ, लहानपणी भिंतीपलीकडून ऐकलेला. बाजारातली दुसऱ्या टोकाची माणसं वळून बघायला लागली. 'माझ्या हातात दिनदर्शिका होती. मी नऊ मिनिटं मिळवायला विसरलो. खमैस मला नको म्हणत होता. मी हात खाली केला, आणि नंतर विचारलं तेव्हा गप्प बसलो.' शेवटच्या पानावर आवाज फाटला, तरी त्यांनी पान पुरं केलं.

कसाई म्हणाला, "म्हणजे बत्तीस वर्षं आम्ही चुकीच्या माणसाला छळलं?"

"छळलंत ते छळलंत, नीरेचे पैसे तरी वेळेवर द्या," खमैस म्हणाला. लोक हसले. पण तो हसला नाही. तो सी लमीनकडे बघत होता.

"माझी आई ऐंशी वर्षांची होती तेव्हा," तो म्हणाला. "मी तिला सांगितलं, आई, मी नाही. ती म्हणाली, अरे, लमीनचा आवाज कधी चुकतो का? तशीच गेली ती."

सी लमीन रडायला लागले. भर बाजारात, चष्मा न काढता.

"तू बोललास का नाहीस?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी साहेबांसमोर?"

"वाट बघत होतो. तुझा हात खाली येईल म्हणून." खमैसने फडक्याने टेबल पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं. "आज आला. उशिरा आला. तू एकदा लवकर करतोस, एकदा उशीर करतोस, वेळेवर काही तुला जमत नाही, लमीन."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं मी ऐकलं. सी लमीननीही ऐकलं असणार, कारण रडता रडता त्यांना हसू फुटलं.

"आणि ते रोजे बंद कर," खमैस म्हणाला. "गावाचा रोजा गावाने तेव्हाच भरला. दुसऱ्याच्या पोटाचा रोजा कुणाला धरता येत नाही, हे मला, चौथी नापासाला कळतं." त्याने काचेचा मोठा पेला घेतला, घड्यातली नीरा ओतली आणि सी लमीनच्या पुढ्यात ठेवली. "पी."

"आज गुरुवार आहे, खमैस."

"मला वार विचारू नकोस. पी म्हटलं ना."

सी लमीननी पेला उचलला. ओठांपर्यंत नेला, तेवढ्यात खमैस ओरडला, "थांब!" त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "नऊ मिनिटं."

मास्तरांना पहिल्यांदा कळलं आणि ते पोट धरून हसायला लागले. मग सगळेच. पण खमैस खरंच थांबला होता, घड्याळ बघत, एक हात वर करून. आणि सी लमीन पेला हातात धरून उभे होते. कुणी गेलं नाही. उलट येणारे थांबत होते, काय चाललंय विचारत होते, आणि त्यांना सांगायला टॅक्सीवाले टपूनच होते. पाच मिनिटांत अर्ध्या बाजाराला ब्याण्णवची खरी गोष्ट कळली होती. माझं पुस्तक छापायच्या आधीच शिळं झालं. रफीका गाडीपासून पुढे आली आणि बापाच्या कोपराखाली हात धरून उभी राहिली, पेला जड होता म्हणून.

मी कागद बॅगेत ठेवून दिले. नववं मिनिट भरलं तेव्हा सगळा बाजार खमैसच्या हाताकडे बघत होता. खमैसने सी लमीनच्या डोळ्यांत बघितलं आणि हात खाली केला.

सी लमीन एका दमात पेला रिकामा करून म्हणाले, "अजून एक दे."