दोन कुलपांचा यूपीएस

भीमराज तात्यांना धनश्रीचा संशय नेमका कधी आला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण एकदा आला तो मनात बिऱ्हाड करूनच राहिला.

तात्या दूध संस्थेचे चेअरमन. देवळाली प्रवराच्या अलीकडचं गाव, चहूकडे ऊस आणि घरोघरी दावणीला गायी. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध यायचं, काट्यावर वजन व्हायचं, मशीनवर फॅट लागायची आणि दोन्ही आकडे कोपऱ्यातल्या सर्व्हरमध्ये जाऊन बसायचे. त्या सर्व्हरसमोर धनश्री बसायची. कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, गावात सून म्हणून आलेली पोरगी. सासूशी गोड बोलून बोलून तिनं ही नोकरी पदरात पाडून घेतली होती. गावाबाहेर नोकरीला जाऊ द्यायला घर तयार नव्हतं, त्यामुळं ही गेली की दुसरी मिळायची नव्हती.

आता होत काय होतं, तर संध्याकाळी ऐन गर्दीत सर्व्हर फटकन बंद पडायचा. पाळीची फॅट गायब. मग सगळ्यांच्या दुधाला सरासरी लावायची, म्हणजे सगळ्यांना एकच भाव. म्हैसवाली आक्काबाई तोंडाचा पट्टा सोडायची, आणि ज्याच्या दुधात विहिरीचा वाटा मोठा तो मिशीत हसायचा. बरं, लाईट गेली म्हणावं तर डोक्यावर ट्यूब जळत असायची. फार तर एकदा मिचकायची. लाईट आहे आणि सर्व्हर बंद आहे, म्हणजे कुणीतरी तो बंद केला. एवढं गणित गावात सगळ्यांनाच येत होतं.

लाईट गेली तरी सर्व्हर बॅटरीवर चालावा म्हणून संस्थेनं यूपीएस घेतला होता. आधी तो टेबलाखाली उघडाच होता. एकदा कुणीतरी मोबाईल चार्जिंगला लावायला त्याची पिन उपसली, सर्व्हर झोपला, आणि दोन्ही पॅनेलांनी एकमेकांच्या नावानं शंख केला. गेल्या निवडणुकीपासून तात्यांचं पॅनेल आणि रंभाजी अण्णांचं पॅनेल एकमेकांच्या लग्नालासुद्धा जात नव्हतं. शेवटी मीटिंगात तोडगा निघाला. यूपीएस लोखंडी कपाटात ठेवायचा, मागून वायरीपुरतं भोक पाडायचं आणि कपाटाला दोन कुलपं घालायची. एक किल्ली तात्यांकडं, एक अण्णांकडं. दोघं मिळून आल्याशिवाय कपाट उघडणार नाही. टाळ्या पडल्या. असा बंदोबस्त अख्ख्या तालुक्यात कुणाला सुचला नसता, असं तात्यांना मनापासून वाटलं.

त्यानंतर सर्व्हर जास्तच बंद पडायला लागला.

तात्यांनी डोकं लावलं. धनश्री अण्णांच्या भावकीतली सून. अण्णांच्या घरचं दूध पातळ. सरासरी लागली की फायदा कुणाचा? तिकडं अण्णा चहाच्या टपरीवर सांगत होते की पोरीला कामावर तात्यांनी घेतलं, म्हणजे ती त्यांच्याच ताटाखालचं मांजर. सर्व्हर पाडून आमचं नाव खराब करती. गावातली दोन पॅनेलं कशावर म्हणून एक होत नव्हती, ती या पोरीवर झाली. शनिवारच्या मीटिंगात तिला काढायचा ठराव येणार होता. एकदा लबाड म्हणून काढली की आसपासची कुठलीच संस्था तिला दारात उभी करणार नव्हती. तिला हे माहीत होतं. रोज काट्याशी येणाऱ्या बायकांच्या कुजबुजीतून तिला सगळंच माहीत झालं होतं.

आणि तात्यांच्या मते सगळ्यात मोठा पुरावा तर ती स्वतःच देत होती.

"तात्या, एकदा कपाट उघडून बघा ना. आतून सारखं टीं टीं वाजतंय. बॅटरीचं काहीतरी बिघडलंय."

"वाजू दे की. तू तुझं काम बघ."

कुलूपबंद वस्तू उघडा म्हणून जी मागं लागते, तिला आत हात घालायचा असणार, दुसरं काय? शिवाय उघडायचं म्हणजे अण्णांच्या दारात जाऊन किल्ली मागायची. त्यापेक्षा सर्व्हर पडलेला बरा.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी तात्यांनी ठरवलं, हिला आज रंगेहाथ धरायची. ते खुर्ची ओढून थेट तिच्या शेजारी बसले. "सहज आलो," म्हणाले. चेअरमन सहज आलेला गावानं कधी पाहिला नव्हता. धनश्रीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग ओढणीचा पदर आवरला, दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले आणि गरजेपुरतीच बोटं हलवत राहिली.

तेवढ्यात शेतीची थ्री फेज आली. रानात मोटारींना ऑटो स्टार्टर बसवलेले, त्यामुळं लाईट येताच साऱ्या मोटारी एकदम उचलल्या, आणि संस्थेची लाईट त्याच डीपीवरची, म्हणजे त्याच ट्रान्सफॉर्मरवरची. ट्यूब मिचकली. कपाटातून एक लांब किंकाळी आली आणि सर्व्हर बंद.

धनश्रीचे हात टेबलावरच होते.

"आक्काबाई, थांबा जरा, बंद पडलं," ती तात्यांकडं न बघता म्हणाली.

पण तात्यांचा संशय असा हार मानणारा नव्हता. हिचा नवरा बाहेर मीटरपाशी असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. ते धावत बाहेर गेले. मीटरपाशी एक कुत्रं झोपलं होतं. परत आले, घाम पुसत कपाटाला टेकले आणि चटका बसल्यासारखे बाजूला झाले. कपाट तव्यासारखं तापलं होतं.

त्यांनी यूपीएस बसवून देणाऱ्या रविराजला नगरला फोन लावला.

"रानात एकदम मोटारी सुरू झाल्या की लाईट दबते, तात्या. तेवढ्यापुरता यूपीएस बॅटरीवर जातो. बॅटरीच मेली असली तर सर्व्हर जागेवर बसणार. मोकळ्या हवेत ठेवलाय ना?"

"कपाटात हाय."

"कपाटात? कुणी ठेवला?"

"संस्थेनं," तात्या म्हणाले.

अण्णांना फोन धनश्रीनंच केला. अण्णा कडदोऱ्याची किल्ली सोडवत आले. दोघांनी एकमेकांकडं न बघता आपापलं कुलूप काढलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. यूपीएसचं झाकण काढलं तर आतली बॅटरी फुगून बसली होती.

"हवा न मिळाल्यानं उकडून मेली," परत फोन लावल्यावर रविराज म्हणाला. "बॅटरी मरायच्या आधी यूपीएस वाजत असतो. कुणी ऐकलं न्हाई का?"

अण्णांनी किल्ली परत कडदोऱ्याला अडकवली.

"कंपनीनं सांगायला पायजे हुतं," अण्णा म्हणाले.

"व्हय तर," तात्या म्हणाले.

अण्णा लगबगीनं निघून गेले. तात्यांना मात्र लाज वाटली, खरंच वाटली. ज्या पोरीनं चारचारदा सांगितलं, तिलाच आपण गावभर लबाड ठरवलं. ते तिच्या टेबलापाशी गेले.

"चूक आमची झाली, पोरी. उद्याचा ठराव मी येऊ देत न्हाई. नवी बॅटरी आली की यूपीएस उघड्यावर ठेवू. तू निवांत काम कर."

"बरं, तात्या," धनश्री म्हणाली.

छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटून तात्या दाराशी गेले, चप्पल पायात सरकवली आणि तिथंच थबकले. बरं? नुसतं बरं? एवढी बदनामी झाली, आणि रडणं नाही, भांडणं नाही. एवढ्या सहज कसं काय सोडलं हिनं? त्यांनी मागं वळून पाहिलं.

धनश्री त्यांच्याचकडं बघत होती. ती नजर तिला ओळखीची झाली होती.

"आता काय आलं मनात, तात्या?"

"कुठं काय? काय न्हाई."

तिनं हळूच खुर्ची मागं सारली आणि खुंटीवरची आपली पिशवी घेतली.

"बॅटरी नवीन बसवून घ्या," ती म्हणाली. "आणि इथं बसायला दुसरं कुणीतरी बघा. मी उद्यापासून येत नाही."

ती शेजारून गेली तेव्हा तात्यांनी तिला थांबवायला तोंड उघडलं. पण त्याआधी त्यांची नजर तिच्या पिशवीवर गेली होती, हिनं आत काय भरलंय ते बघायला.