मिटू न शकलेला पहारेकरी

आटपाडीच्या बयाबाईचा ताप एकदाचा उतरला, आणि तिथंच घोटाळा झाला. अडलेल्या शेळीला उघड्या हातांनी सोडवताना लागलेलं हे दुखणं. ताप यायचा, जायचा, सांधे ठणकायचे. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून दीड महिन्याच्या गोळ्या दिल्या. निम्म्यातच बयाबाई टुणटुणीत झाली. तेवढ्यात धाकट्या जावेचे, राहीबाईचे, गुडघे धरल्याचं कानावर आलं. कीर्तनात बुक्का लावावा तितक्या सहज बयाबाईनं उरलेल्या गोळ्या जावेच्या ओटीत घातल्या.

हे कळताच सून सोनियानं कपाळाला हात लावला.

"आवं आत्या, डॉक्टरीणबाई काय म्हनल्या हुत्या? रक्तातली पांढरी पेशी म्हंजी पहारेकरी, त्यो जंतूला गिळतो. पचला न्हाई तर जंतूसकट सोताला संपवतो. पर ह्यो जंतू त्याला मरूच देत न्हाई, त्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. ताप गेला तरी जंतू आतच!"

"जगवतोय न्हवं? मग गुणाचाच की गं," बयाबाई हसली आणि लिंबाखालच्या बाजेवर कलंडली.

डोळा लागला. पाहते तर भोवती तांबूस, उबदार मंडप. कुठूनसा मृदंग संथ वाजतोय, धीम, धीम. तो आपल्याच काळजाचा, हे तिला न सांगता कळलं. खांबाला टेकून एक पहारेकरी बसला होता. पोट तट्ट फुगलेलं, डोळे तारवटलेले.

"दादा, निजत का न्हाईस?"

"निजू देत न्हाई, माय. चोर गिळलाय. आमची रीत अशी, चोर पचला न्हाई तर सांजच्या फुलावानी गुमान मिटायचं, त्यालाबी संगं घेऊन. पर ह्यो आतनं म्हनतो, जग मर्दा, अजून जग!"

"मग बरंच की."

"काय बरं? घर त्याचं झालं, म्या निस्ती भिंत. औषध झिरपायचं तवा ह्यो कासावीस व्हायचा. आता तेबी यायचं थांबलं." पहारेकऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, विठूकडं पाहावं तसं.

बयाबाई उठली ती थेट जावेच्या अंगणात.

"राहे, गोळ्या माघारी दे."

"ओटीत घातलेलं कोन माघारी मागतं का, आक्का? कुठल्या कीर्तनात ऐकलंस?"

"माज्याच काळजातल्या!"

"म्या न्हाई देत जा. दोन खाल्ल्या, लय हलकं वाटतंय."

"तुजं दुखणं कुठलं ते ठावं हाय का? उद्या एस्टीनं दोघी सांगलीला जाऊ, तुजं रक्त बगू. चुकलं गं माजं. पर ह्या दे."

थोरल्या जावेच्या तोंडून 'चुकलं' ऐकून राहीबाई थट्टा विसरली. तिनं पुडी आणली, मागोमाग पाण्याचा तांब्याही. बयाबाईनं उभ्या उभ्या गोळी गिळली आणि छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली,

"मीट रं बाबा आता. सुखानं मीट."