आजीच्या कडेवर

काबानआजीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की अंगणातल्या टर्की कोंबड्यासुद्धा कुंपणापलीकडे पळत. तिच्या दोन जावा आणि एक सख्खी बहीण तिच्याशी बोलत नसत. घरजावई पेच मक्याच्या शेतातून परतताना आधी कानोसा घ्यायचा, मगच उंबऱ्यात पाय ठेवायचा. मनानं बाई सोन्यासारखी, पण मन कुणाला दिसतंय?

म्हणून तर लेक मुयाल तीन महिन्यांची झाली तेव्हा काबाननं तिला शेजारच्या तुतिलच्या हवाली केलं होतं. रीतच तशी होती. तोवर पोरीला हातांवर आडवीच घ्यायची. मग चुलीच्या तीन दगडांसमोर पहिल्यांदा कडेवर बसवायची, चुलीभोवती फिरवायची, मुठीत सूत काढायची चाती द्यायची. आणि जी बाई पहिल्यांदा कडेवर घेते तिचाच स्वभाव पोरीत उतरतो, हे शेंबडं पोरही सांगेल. तुतिल वाटेतल्या मुंगीलाही बाजूला हो म्हणायची नाही. मुयाल अगदी तशीच निघाली.

आता मुयालच्या लेकीचा दिवस आला, तेव्हाही काबाननं तुतिललाच सांगून ठेवलं. मुयालनं नेहमीसारखी मान हलवली. नातीला कडेवर घ्यायला काबानचा जीव तुटत होता, पण आपलं तोंड घेऊन पोरीनं जन्म काढायचा? नको गं बाई, असं म्हणून ती गप्प बसली होती.

त्या सकाळी मुयाल अंगणात पाट्यावर मका वाटत होती. आत चुलीवर चुन्याच्या पाण्यात दुसरा मका रटरटत होता, काबान तो काठीनं ढवळत होती आणि जवळच चटईवर नात छकुली पडली होती. तेवढ्यात मोठा टर्की दाराशी अडखळत आत घुसला आणि मडक्यावर जाऊन आदळला. काबाननं एका हातानं पोर उचलली, दुसऱ्यानं कलतं मडकं काठीनं पलीकडे ढकललं. उकळतं पाणी चटईला भिजवून गेलं. काबाननं टर्कीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, श्वास घेतला आणि खाली पाहिलं.

छकुली तिच्या कडेवर बसली होती. दोन पाय दोन बाजूंना, मुठीत आजीचा अंगरखा, समोर चुलीचे तीन दगड. पोरीला पहिल्यांदा कडेवर काबाननंच घेतलं होतं.

मुयाल दारात उभी होती. काबान मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली.

"मी घात केला गं पोरीचा," ती म्हणाली. "तुतिल आली की तिच्या कडेवर दे. माझं लागलेलं पुसलं जाईल कदाचित."

मुयालनं हाताला लागलेलं पीठ चोळलं.

"नाही पुसायचं," ती म्हणाली. "आये, मला मासे आवडत नाहीत. लहानपणापासून खातेय. पेच आवडतो, पण नसता आवडला तरी मी हो म्हटलं असतं. आणि छकुलीसाठी मला तूच हवी होतीस. पण सांगायला तोंड कुठाय? तूच ना मला तुतिलमावशीचं आणून दिलंस?"

काबाननं लेकीचा पिठाचा हात धरला आणि गालाला लावला.

तुतिल भोपळ्याच्या भाजलेल्या बिया घेऊन आली, तेव्हा मुयालनं तिला कोरडी चटई दिली, बसा म्हणाली आणि आज आईच छकुलीला कडेवर घेऊन फिरणार असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तुतिल हसली. तिला त्याचं काही वाटलं नाही, तिला कशाचंच वाटत नसे.

काबान नातीला घेऊन चुलीभोवती फिरली. फेरे झाल्यावर तिनं छकुलीच्या मुठीत चाती दिली. छकुलीनं ती राखेत भिरकावली आणि घर डोक्यावर घेतलं. काबाननं घाबरून तिचं तोंड छातीशी दाबायला घेतलं.

मुयालनं चाती उचलली, राख झटकली आणि आईचा हात बाजूला केला.

"ओरडू दे तिला," ती म्हणाली.