‘झालं’ची फाईल

आमच्या युवा गटातली पोरं माझ्या पाठीमागे मला ‘बघते-ताई’ म्हणतात. मला हे माहीत नाही असं त्यांना वाटतं. सहलीचं पत्रक कधी मिळणार, प्रमाणपत्रावर सही केलीत का, काहीही विचारा, माझ्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडतो तो ‘बघते’. मग ते कागद माझ्या पिशवीत जातात, पिशवीतून घरच्या टेबलावर, आणि टेबलावरून कुठे जातात ते देवालाच ठाऊक. नवरा म्हणतो, आपल्या घरी कागद राहतात, आपण आपले पाहुणे.

आता गंमत बघा. मी काम करते चष्म्याच्या दुकानात, आणि तिथे बारा वर्षांत माझ्या हातून एक भिंग इकडचं तिकडे झालेलं नाही. दर गिऱ्हाइकाचा वेगळा ट्रे, ट्रेमध्ये चिठ्ठी. चष्मा तयार झाला की ट्रे डावीकडच्या फळीवर. त्या फळीवर मालकांनी मोठ्या अक्षरात ‘झालं’ लिहून ठेवलंय. तिथे ट्रे गेला की आमचं काम संपलं. गिऱ्हाईक येतं, नेतं.

युवा गटाचं काम अंगावर घेतलं तेव्हा मी ठरवलं, इथेही तीच शिस्त लावायची. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमची खोली आहे, तिथल्या कपाटात तीन फायली ठेवल्या: ‘बघते’, ‘करते’ आणि ‘झालं’. रंगीत लेबलं स्वतः कापून चिकटवली. काय कौतुक मला त्याचं! चार दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते.

गटात एक मुलगी आहे, तिला सगळे भुंगा म्हणतात. प्रश्न विचारून डोकं खायची म्हणून. गेल्या वर्षी ती अठराची झाली, आणि जनावरांच्या दवाखान्यात वर्षभराचं प्रशिक्षण असतं त्यासाठी तिने अर्ज केला. मुलं फक्त सहा घेतात. सोबत ओळखीच्या एका मोठ्या माणसाचं पत्र लागतं, आणि ते त्या माणसाने परस्पर पाठवायचं असतं. भुंगाने मला विचारलं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. एक पूर्ण रविवार बसून मी ते पत्र लिहिलं. पाकिटात घातलं, चिकटवलं, पत्ता लिहिला, तिकीटसुद्धा लावलं. आणि समाधानाने ‘झालं’च्या फाईलमध्ये ठेवलं.

हो. फाईलमध्ये. तयार झालेलं काम डावीकडच्या फळीवर ठेवायची सवय हाताला. पण इथे न्यायला कोण येणार होतं?

तिने तीनदा विचारलं. “ताई, पत्राचं झालं का?” तिसऱ्यांदा मी तिच्यावर खेकसले. “झालं गं बाई, कधीच झालं! किती मागे लागशील?” ती ओशाळून हसली. मी काही खोटं बोलत नव्हते, हे मला आजही कुणालातरी ओरडून सांगावंसं वाटतं. माझ्या लेखी ते झालंच होतं.

महिन्याने तिला दोन ओळींचं उत्तर आलं, निवड झालेली नाही म्हणून. कारण काही दिलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं आणि वर शहाणपणा केला, “त्यांनाच माणसांची पारख नाही.” त्यानंतर पंधरा दिवसांनी हजेरीचा कागद शोधताना ‘झालं’ची फाईल उघडली, आणि ते पाकीट माझ्याकडे बघत होतं. तेव्हाच फोन करता आला असता, त्या दवाखान्यात जाऊन पाया पडता आलं असतं, निदान त्या पोरीला तरी सांगता आलं असतं. मी काय केलं? पाकीट फाईलच्या तळाशी सरकवलं आणि कपाट बंद केलं. आता काय उपयोग, अशी स्वतःची समजूत काढली.

मग वर्षभर मी बघत होते. भुंगा बोलेनाशी झाली. कोपऱ्यात बसायची, सांगितलं तेवढं करायची. कुणीतरी म्हणालं, “मोठी झाली हो आपली भुंगा, शहाणी झाली.” मीही मान डोलावली. लाज वाटते सांगायला, पण डोलावली.

गेल्या आठवड्यात ग्रंथपालकाकांनी फर्मान काढलं. सोमवारी रंगारी येणार, वरची खोली रिकामी पाहिजे. “तुमचं ते कपाट उघडताना मला आधी सांगा, मी खाली उभा राहणार नाही,” असंही वर म्हणाले. मी शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं ठरवलं. ते पाकीट काढून घ्यायचं, मग पोरांना हात लावू द्यायचा. नऊला पोचले तर दार उघडं, आणि भुंगा जमिनीवर बसलेली. समोर कागदांचे तीन ढीग, नीट कडा जुळवलेले. बाकी कुणाचा पत्ता नाही.

“लवकर आलीस गं,” मी म्हणाले.

“तुम्हाला एकटीला किती पडेल, म्हणून.”

तीन फायली अजून कपाटातच होत्या. मी जवळजवळ धावतच तिथे गेले. “हे माझं मी करते, तू ते खेळांचं खोकं घे.” ती मुकाट्याने उठली. वाटलं, काहीतरी बोलायला हवं, म्हणून विचारलं, “अगं, दवाखान्याचे अर्ज पुन्हा सुटलेत ना? सोमवारी शेवटची तारीख आहे. भरलास की नाही?”

“नाही ताई.”

“का?”

“एकदा नाही म्हणालेत ना. आपल्याला जमणारं नसेल ते.” खोक्यातल्या सोंगट्या ती रंगाप्रमाणे वेगळ्या करत होती. “फुलवाल्या मावशी दुकानात ये म्हणतायत. जाईन तिथे.”

तेव्हाच सांगायचं ना? तोंड शिवलं होतं का माझं? मी म्हणाले, “विचार कर हं.” ती रद्दी खाली ठेवायला गेली तेवढ्यात मी फाईलच्या तळातून पाकीट ओढलं आणि पर्समध्ये कोंबलं. सुटले एकदाची! असं वाटलं मला. अगदी हाच शब्द मनात आला.

ती वर आली, हात झटकले, आणि दारातच उभी राहिली. “ताई, एक बोलायचं होतं. वर्षभर जीभच रेटली नाही.” वाटलं, हिला कळलं.

“तुम्ही माझ्यासाठी पत्र दिलंत. तुमचं नाव त्यात होतं. तरी मी बसले नाही त्यात.” तिचं लक्ष पायांकडे. “तुमचा शब्द माझ्यामुळे वाया गेला. सॉरी ताई.”

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पूर्वी मी नुसतं म्हणायचे. त्या दिवशी खरोखर खाली फरशीकडे बघितलं मी. मग पर्स उघडली आणि पाकीट तिच्यासमोर धरलं.

तिने पत्ता वाचला. पाकीट उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. “तिकीटसुद्धा लावलंय,” ती म्हणाली.

“गेलंच नाही ते. मी फाईलमध्ये ठेवून दिलं, आणि झालं म्हणाले.”

“आत्ता सापडलं?”

‘हो’ हा केवढासा शब्द. अगदी ओठांवर होता. ती मान उंच करून वाट बघत होती, आणि मला दिसलं की तिला ‘हो’च ऐकायचंय.

“नाही,” मी म्हणाले. “गेल्या वर्षीच. तुझं उत्तर आलं त्यानंतर पंधरा दिवसांनी.”

ती रडली असती तर बरं झालं असतं, भांडली असती तर आणखी बरं. तिने पाकीट कडेने फाडलं, भिंतीला टेकून पत्र वाचलं. दोन पानं. मग पहिलं पान पुन्हा वाचलं.

“हे खरं लिहिलंय?”

“शब्दन् शब्द खरा.”

“मग कधी बोलला का नाहीत?”

मी फाटलेलं पाकीट उचलून त्याच्या कडा जुळवत राहिले.

“दुसरं लिहा,” ती म्हणाली. “आजच्या तारखेचं. आत्ता, इथेच.” वर्षभरानंतर तिचा तो जुना, मागे लागणारा आवाज ऐकला, पण त्यात हसू नव्हतं. मी लिहायला बसले. ती शेजारी उभी. जुन्या पत्रात एक वाक्य होतं, ‘ही मुलगी एकदा हो म्हणाली की काम पुरं केल्याशिवाय राहत नाही.’ ते तिच्या नजरेखाली पुन्हा उतरवताना माझं अक्षर वाकडं झालं. तिने कागद घेतला, सही तपासली, तारीख तपासली.

“मी पोस्टात टाकते, आत्ता जाऊन—”

“नको. परस्पर पाठवायचं असतं, पण मी त्यांना सांगेन. अर्ज भरून त्यासोबत मीच नेऊन देते.” खरं तेच म्हणाली. माझ्यावर कशाला विश्वास ठेवेल?

ती जिन्यापर्यंत गेली. मी मागोमाग गेले, कठडा धरला. “भुंगा, दिलंस की कळवशील ना? आणि… रागावू नकोस गं.”

दोन पायऱ्या उतरून ती थांबली. वळून माझ्याकडे बघितलं. चेष्टा नव्हती, राग नव्हता.

“बघते,” ती म्हणाली.

मी तिथेच पायरीवर बसले. फोन मांडीवर ठेवला.