बायकोचा आवाज सोडून सगळं

फोरमन कधीही फोरमन झाले नव्हते. खिळ्यांच्या कारखान्यात उभा जन्म गेला, पण यंत्रावरून उठून काचेच्या खोलीत बसायची वेळ काही आली नाही. नाव मात्र पडलं ते पडलंच. कुठे काही बिघडलेलं दिसलं की 'हे असं चालायचं नाही' म्हणत पुढे सरसावायची त्यांची खोड होती, आणि निवृत्त झाले तरी खोड जागेवर होती. त्या दिवशीही कानाचं यंत्र डबीत, डबी खोक्यात आणि खोकं पिशवीत घालून ते पैसे परत मागायला निघाले, ते हेच म्हणत.

"हे असं चालायचं नाही. जाहिरातीत एक आणि कानात एक."

बायको चपला घालून आधीच दारात उभी होती. नवरा एकटा गेला तर दुकानात भांडण उकरून काढेल, हे तिला चांगलं ठाऊक होतं. शिवाय यात तिचंही काही अडकलेलं होतं.

आता हे कान गेले कसे, तेही सांगायला हवं. खिळ्यांच्या कारखान्यात तारेचे तुकडे पडतात, एका बाजूला टोक निघतं, दुसऱ्या बाजूला डोकं ठोकलं जातं, आणि हे सगळं ओळीने मांडलेली यंत्रं एकाच वेळी करत असतात. तिथे शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त गरम वाफ लागते. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलायची. आवाज काढायचाच नाही, तोंड मोठं उघडून शब्द नीट घडवायचा आणि समोरच्याने तो बघायचा. नव्या माणसाला ही बोली यायला वेळ लागे, आणि एकदा आली की जात नसे.

बायको तिथेच भेटली. ती खिळे तोलून पुड्यांत भरायची, हे पलीकडच्या ओळीत यंत्रावर. यांच्या लग्नाचं सगळं बोलणं, हो-नाही, रुसवे, घरच्यांना कसं पटवायचं, ते सगळं दोन ओळींच्या मधल्या जागेतून ओठांवर झालं. मुकादम मध्ये उभा असे आणि त्याला पत्ता नसे. पुढे लग्न झालं आणि ही बोली चपलांबरोबर घरात आली. फायदेही होते तिचे. बिलाच्या रांगेत पुढच्या माणसाच्या टकलाविषयी दोघं खुशाल बोलत, आणि टक्कलवाला आपला शांत उभा.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त या दोघांनाच माहीत. चारचौघांत बायको त्यांना 'अहो' म्हणायची, 'हे' म्हणायची, सगळं रीतसर. ओठांवर मात्र 'तू' होतं, आणि 'खुळ्या' होतं. पहिल्यांदा ती 'खुळ्या' म्हणाली तेव्हा फोरमनांच्या हातून तारेचं अख्खं भेंडोळं निसटलं होतं. त्यानंतर हा शब्द त्यांनी किती वेळा वाचला असेल, कोण जाणे. कानांनी ऐकला मात्र एकदाही नाही.

कान हळूहळू गेले. फोरमनांनी त्याचं फारसं मनावर घेतलं नाही. जगाचं ऐकून काय उजेड पडणार आहे, असं ते म्हणत, आणि दणदणीत आवाजात म्हणत, कारण बोलायची सवय त्यांची गेली नव्हती. घरात त्यांचा एकट्याचा आवाज दोघांना पुरून उरायचा.

मग डोळ्यांनी दगा दिला. डोळ्यांच्या डॉक्टरने मुलीला फोनवर समजावून सांगितलं आणि तिने ते आईला सांगितलं. नजरेचा मधला भाग जाणार, कडेचा राहील. चालता येईल, धडपडणार नाहीत, पण समोरच्या माणसाचा चेहरा दिसणार नाही. उपाय नाही. फोरमनांना ते आधीच जाणवलं होतं, बोलले नव्हते इतकंच. बायकोकडे बघितलं की तिच्या तोंडाच्या जागी ओल्या रंगावर बोट फिरवल्यासारखं दिसायचं. एकदा तिने मीठ मागितलं तर यांनी पिठाचा डबा पुढे केला. ती हसली, तेही हसले. आठवडाभरात तसं पुन्हा झालं तेव्हा कुणी हसलं नाही.

म्हणजे प्रश्न सरळ होता. ओठ दिसेनासे झाले की या दोघांचं बोलणं संपणार. एका घरात, एका ताटलीच्या अंतरावर बसून दोघं मुकी होणार.

मुलगी लांब राहत होती. तिने तिकडूनच दुकानाशी बोलून यंत्राची सोय केली. दुकानातल्या बाईने ते फोरमनांच्या कानात बसवून दिलं, तेव्हा बायकोचा गुडघा सुजलेला म्हणून ती घरीच होती. खोक्यावर एक म्हातारं जोडपं दात दाखवत बसलेलं होतं, आणि खाली ठळक अक्षरांत छापलेलं होतं: 'आपल्या माणसाचा आवाज, पूर्वी होता तसा. समाधान न झाल्यास पैसे परत.'

फोरमन घरी आले ते घाईघाईनेच. जिन्यात स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून दोनदा मागे वळून पाहिलं. दार उघडल्याबरोबर म्हणाले, "बोल."

ती बोलली. यांना काही ऐकू आलं नाही.

मग रोज तेच. नळ ऐकू यायचा. खुर्ची ऐकू यायची, वरच्या मजल्यावरचं कुत्रं, स्वतःच्याच दातांखाली चावलं जाणारं अन्नसुद्धा. आणि शेजारच्या घरातली बाई, ती शेजारीण तर ऐकून ऐकून नको झाली. फोरमन बाहेरच्या खोलीत बसले की भिंतीपलीकडून तिचं सुरू. जाड, खरखरीत आवाज, आणि दम कसा तो नाही.

"पत्र्यावर खिळे ओततात तसा आवाज आहे त्या बाईचा," ते बायकोला म्हणाले. "ती येते कानात, आणि तू येत नाहीस. याला काय म्हणायचं?"

बायको बोलत राहिली. जवळ येऊन, तोंड मोठं उघडून, तोच शब्द पुन्हा पुन्हा. तिचा आवाज त्यांना चांगला आठवत होता. कारखान्याच्या फाटकाबाहेर, यंत्रं बंद झाल्यावर ऐकलेला, बारीक आणि स्वच्छ. त्यासाठी ते कान लावून बसायचे आणि शेवटी वैतागून यंत्र काढून ठेवायचे. एका संध्याकाळी ते म्हणाले, "माझं नशीबच फुटकं." बायकोने तोंड फिरवलं. तिला रडू आलं होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. आता दिसलंही नसतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

दुकान छोटंसं होतं. काचेच्या कपाटात यंत्रं मांडलेली, भिंतीवर कानाचं मोठं चित्र, आत एक बंद खोली. दुकानातली बाई तरुण होती आणि तिला घाई नव्हती. फोरमनांनी खोकं टेबलावर ठेवलं, त्यावरच्या जोडप्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "पैसे परत करा. माल जाहिरातीसारखा नाही."

"आधी तपासून तर बघू, काका," ती म्हणाली. तिने यंत्र त्यांच्या कानात बसवलं, त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि बारीक, जाड, लांब, जवळ असे आवाज ऐकवले. आवाज आला की हात वर करायचा. फोरमनांचा हात एकदाही चुकला नाही.

"काका, यंत्र उत्तम चाललंय."

"टुणटुण ऐकायला घेतलं नाही मी ते," फोरमन म्हणाले. "यावर बायको छापलीय तुम्ही. माझी बायको ऐकू येत नाही. बाकी सगळं येतं. शेजारीण येते, तिची कुणी तक्रार केलेली नाही. माझ्या बायकोच्या आवाजाची सोयच नाही यात."

दुकानातल्या बाईने असली तक्रार आधी ऐकलेली नव्हती. तिने फोरमनांना बाहेर आणून खुर्चीवर बसवलं आणि बायकोला समोर. "काकू, तुम्ही रोज बोलता तसं बोला जरा यांच्याशी."

बायको पुढे झुकली आणि बोलली. चांगली दोन-तीन वाक्यं बोलली, भुवया उंचावून, हात हलवून.

दुकानातली बाई वाट बघत राहिली. फोरमनही वाट बघत होते.

"बोला ना, काकू," ती म्हणाली.

बायको तिच्याकडे वळली. "अहो, बोलले की. आणखी किती बोलू?"

फोरमन खुर्चीत ताठ झाले. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं, मग कपाटाकडे. "ही शेजारीण इथे कशी आली?" त्यांनी विचारलं.

मग दुकानातली बाई हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही यांच्याशी बोलता तेव्हा आवाजच काढत नाही आहात. नुसते ओठ हलतात."

"काहीतरीच काय," बायको म्हणाली. तिने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, नवऱ्याकडे तोंड केलं आणि बोलून पाहिलं. गळा हलला नाही. हाताला ते कळलं. तिने पुन्हा बोलून पाहिलं, आणि पुन्हा तेच. जन्मभर ज्या तोंडाकडे बघून आवाज बंद ठेवला, त्या तोंडाकडे बघितलं की तो बंदच व्हायचा. मुलीशी फोनवर बोलताना यायचा, दारावरच्या फेरीवाल्याशी यायचा. आणि स्वयंपाकघरात त्यांच्याकडे पाठ करून बोलताना तो भिंतीवर आपटून बाहेरच्या खोलीत जायचा, हे तिला आता उमगलं. शेजारच्या घराला तर महिनाभर कुलूप होतं.

दुकानातल्या बाईने तिची खुर्ची फिरवली. आता तिची पाठ नवऱ्याकडे होती आणि तोंड भिंतीवरच्या मोठ्या कानाकडे.

"आता बोला."

मग आवाज आला, जाड आणि खरखरीत. "काय बोलू? पत्र्यावर खिळे ओततात तसा आहे म्हणालात ना."

फोरमनांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. इतके दिवस ते ज्याची वाट बघत होते ते रोजच कानात येत होतं, आणि ते त्याला शिव्या घालत होते. त्यांना मनापासून लाज वाटली. बारीक आवाजाची ती मुलगी कुठे गेली म्हणून वाईटही वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली. तो आवाज कधी जाड झाला, कुठल्या वर्षी, कुठल्या आजारपणात, हे घरातल्या घरात त्यांना कळलंच नव्हतं.

"खिळ्यांचा आवाज वाईट कधी म्हणालो मी?" ते म्हणाले. त्यांच्या मानाने फारच हळू म्हणाले.

बायकोची पाठ थोडी हलली. हसली की काय, ते मागून कळायला मार्ग नव्हता.

"पैशांचं काय करायचं, काका?" दुकानातल्या बाईने विचारलं. "तसं बघितलं तर जाहिरातीत 'पूर्वी होता तसा' म्हटलंय. तसा तो नाही म्हणालात तर माझ्याकडे उत्तर नाही. परत देईन मी."

फोरमनांनी खोकं उचललं, डोळ्यांच्या कडेने त्यावरचं जोडपं बघितलं आणि पिशवीत टाकलं. "छपाईची चूक आहे," ते म्हणाले. "पुढच्या वेळी सुधारून घ्या."

बाहेर रस्त्यावर वर्दळ होती. गाड्या, हातगाडी, मोठ्याने बोलत जाणारी माणसं. फोरमनांच्या कानावर हे सगळं एकदम आलं, आणि त्यांनी बायकोचा दंड धरला. ती त्यांच्याकडे वळली आणि सवयीने तिचे ओठ हलले. त्यांना त्या जागी नेहमीचा फराटा दिसला.

"पुढे बघ," ते म्हणाले. "माझ्याकडे बघू नकोस. बोल."

त्यांनी डोळे मिटून घेतले. तिने समोर पाहिलं. आसपास माणसं होती, आणि आता जे बोलायचं ते सगळ्यांना ऐकू जाणार होतं. रांगेतल्या टकलाची गंमत संपली, मुकादमाच्या नाकासमोरचं सगळं संपलं. 'अहो, जपून' म्हणता आलं असतं. चारचौघांत तेच म्हणायचं असतं, आणि तिने तेवढ्यासाठी तोंड उघडलंही.

"चल खुळ्या," ती म्हणाली. "पुढे पायरी आहे."

शेजारून जाणाऱ्या एका माणसाने वळून बघितलं. फोरमन तिथेच उभे राहिले, डोळे मिटलेले, पिशवी छातीशी धरलेली.

"ऐकू आलं ना?" तिने विचारलं.

"आलं," ते म्हणाले, आणि पायरी उतरले.